पहिल्या माणसाची वाटी

आईचे डोळे पिवळे झालेत हे घरातल्या अंधारात मला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी शेतात, पेंढी बांधून तिने मान वर केली तेव्हा कळलं. ऊन तिच्या तोंडावर पडलं होतं. डोळ्यांतला पांढरा भाग हळदीच्या पाण्यासारखा दिसत होता.

"आये, इकडं बघ," मी म्हणाले.

"काय बघू? भात बघ. उद्यापर्यंत हा तुकडा व्हायला पायजे." तिने विळा उचलला आणि पुन्हा वाकली.

ते शहाऐंशी साल. मनोरच्या बाजूला एका आश्रमशाळेत शिकवायला लागून मला दुसरं वर्ष होतं. दिवाळीची सुटी लागली तशी मी कापणीला घरी आले होते. आमचा पाडा बोईसरच्या पूर्वेला टेकड्यांत. सात घरं, उतारावर भाताचे तुकडे, वर ऐन आणि सागाचं रान. वारा पश्चिमेचा असला की कारखान्यांचा भोंगा आमच्यापर्यंत यायचा. बा त्यावरून वेळ सांगायचा.

बा माझ्यापुढे दोन हात अंतरावर कापत होता. विळ्याची खरखर न थांबवता मी त्याला विचारलं, "तुला दिसलं नाय का?"

"दिसलं," तो म्हणाला. "आठ दिस झाले."

"मग?"

"तिला इचार."

आई औषध द्यायची. मोडलेलं हाड बांधायची, आणि कावीळ झालेल्याला एक मुळी उगाळून द्यायची. ही दोनच. बाकी कशाला हात लावत नसे. साप चावलेला माणूस कुणी आणला तर त्याला अंगणात टेकूही देत नसे. बाज उचलायला लावून पालघरच्या दवाखान्याकडे पिटाळायची, आणि मागून शिव्या द्यायची की हितं येऊन येळ कशाला घालवलात. बरा झालेला माणूस एक नारळ आणि एक कोंबडी आणून देई. त्यापलीकडे ती काही घेत नसे. मुळी जहर कडू असते. औषध दिलं की आई त्या माणसासमोर उकिडवी बसायची आणि वाटी रिकामी होईपर्यंत उठायची नाही. माणूस तोंड फिरवू लागला की म्हणायची, "पी रं. मी काय पळत नाय, तूबी पळू नको."

दुपारी बांधावर भाकरी खाताना मी तिला विचारलं, "मुळी का घेत नाहीस?"

"आपल्या हाताचं आपल्याला लागत नाय. दुसऱ्यानं खणून द्यायला पायजे."

"मग मला दाखव. मी खणते."

तिने भाकरीचा तुकडा मोडून तसाच परत ठेवला. भूक मेली होती तिची.

"तुला दाखवलं म्हंजे तुला दिलं. दिलं की माझा हात गेला. मुळीचाबी गेला नि हाडाचाबी गेला. दोनी एकाच हाताचे. नि तात्याचा पाय अजून दोन पट्ट्या मागतो."

तात्या म्हणजे चिंचणीचे वाडीवाले. नारळ-चिकूची वाडी, दारात विहीर, पडवीला लाल फरशी. दसऱ्याच्या सुमाराला विहिरीच्या पायरीवरून घसरून त्यांची नडगी मोडली. मुंबईला नेऊन सळई घालायचं घरच्यांनी ठरवलं होतं. तात्यांनी ऐकलं नाही. त्यांच्या वडिलांचा खांदा माझ्या आजोबांनी बसवला होता, ते त्यांच्या डोक्यात पक्कं होतं. आमच्या पद्धतीत पायाला चार पट्ट्या असतात. एक बांधली की आठव्या दिवशी त्याच वारी सोडायची, नवी साल कुटून पुन्हा बांधायची. तात्यांचा वार मंगळवार. दोन पट्ट्या झाल्या होत्या, तिसरी तीन दिवसांवर होती. मध्येच हात बदलला तर सांधत आलेलं हाड सरकतं, असं आई मानायची.

"मग दवाखान्यात चल," मी म्हणाले. "उद्याच."

"दवाखान्यात गेलं की ते ठेवून घेतात. चौथी पट्टी झाली की तू म्हणशील तिथं येते. सुया टोचा, बाटल्या लावा, काय वाटंल ते करा."

"अकरा दिवस? त्या वाडीवाल्याचा पाय तुझ्या जिवापेक्षा मोठा हाय का?"

"पाय त्याचा कुठला आता? माझ्या हाताखाली आला तवाच माझा झाला." तिने माझ्याकडे बघून किंचित हसून म्हटलं, "तू शाळेत पोरांना अर्ध्या बाराखडीवर सोडून येतीस का?"

मी भाकरी फडक्यात बांधली. बा उठला आणि भारा बांधायला गेला.

रविवारी जिवल्यामामा आला. आईचा थोरला भाऊ. बोईसरला एका कारखान्याच्या फाटकावर रखवालदारी करायचा. खाकी सदरा घालून चालत आला आणि येताना पावाची लादी घेऊन आला. अंगणात बसून त्याने आईकडे नीट पाहिलं.

"ठके, लई पिकलीस गं. उतरवून अढीत घालू का?"

"तू आधी तुझी टोपी उतरव. पोलीस आला म्हणून कोंबड्या पळाल्या."

दोघं हसली. आई चूल पेटवायला आत गेली तशी मी मामाजवळ सरकले. मुळी मामालाही ठाऊक होती. आजोबांनी ती आधी त्यालाच दिली होती.

"मामा, तूच खणून आण ना. कुणाला काय कळतंय?"

मामाने बिडी काढली, पेटवली नाही.

"माझ्या हातानं आणली तर आज जगायची ती उद्या जाईल. माझा हात रिकामा हाय, तानी. पयला माणूस गेला ना माझा."

हे मी तोपर्यंत अर्धवट ऐकलं होतं. त्या दिवशी त्याने सगळं सांगितलं. नव्या हाताचा पहिला माणूस जगला तर हाताला गुण येतो. पहिला गेला की तो हात जन्मभर रिकामा. मग झाड ओळखू येतं, मुळी खणता येते, सगळं येतं, पण त्या हाताचं कुणी घेत नाही. मामाकडे पहिला आला तो वाघोबाच्या खिंडीपलीकडचा एक जण होता. चौघांनी बाजेवर घालून आणलेला.

"त्याची नखंबी पिवळी होती. पोट फुगलेलं. तो मरायलाच आलेला, मला दिसत होतं. नाय म्हणायला पायजे होतं. पण नवा हात, घाई झाली. माझ्याच्यानं नाय म्हणवलं नाय." त्याने बिडी पुन्हा कानावर ठेवली. "त्यानं वाटी घेतली नि दुसऱ्या दिशी गेला. मग आमचा बा म्हणाला, आता ठकीला देऊन टाक. दिलं."

"आणि तुझ्याकडं पुन्हा कुणीच आलं नाही?"

"फाटकावर येतात की. पास दाखवतात नि आत जातात."

आई दारात उभी होती. हातात पेजेची वाडगी होती. तिने सगळं ऐकलं होतं, ते ती काही पहिल्यांदा ऐकत नव्हती. वाडगी मामापुढे ठेवून ती म्हणाली, "थंड कर नि पी. कडू नाय."

सोमवारी संध्याकाळी आई रानात गेली. साल काढायची तर आदल्या संध्याकाळी झाडाला सांगून यावं लागतं. पाच दाणे तांदूळ बुंध्याशी ठेवायचे, उद्या येते म्हणायचं, आणि मागे न बघता परतायचं. सकाळी लोखंड लावायचं नाही. खैराची टोकदार खुंटी असते, तिनेच उचकटायचं. हाताच्या पंजाएवढी साल, एकाच अंगाची. उघड्या पडलेल्या जागेवर ओली माती थापायची आणि वर्षभर त्या झाडाकडे फिरकायचं नाही. हे सगळ्यांना माहीत असतं. झाड कुठलं, ते माहीत नसतं. मला तिने पायवाटेच्या फाट्यावर थांबवलं. ती वर गेली आणि परत आली तेव्हा तिला दम लागला होता. एरवी ती चढ चढताना गात जायची.

मंगळवारी आम्ही दोघी बोईसरपर्यंत चालत आणि तिथून एसटीने चिंचणीला गेलो. पाटा-वरवंटा तात्यांच्या पडवीबाहेर आईसाठी वेगळा ठेवलेला होता. तिने साल कुटली, त्यात अंड्याचा पांढरा बलक घातला, पळसाच्या पानावर पसरली. तात्या पडवीत खाटेवर पाय लांब करून बसले होते. त्यांची बायको रंभाबाई उंबऱ्यात उभी होती. आई पुढे झाली तशी त्या म्हणाल्या, "ठके, थांब गो. डोळे बघू तुझे. अगो बाई, ही तर कावीळ. घरात लागंल ना सगळ्यांना."

आई थांबली. तिच्या दोन्ही हातांना साल लागलेली होती.

"हात धुऊन ये आधी. साबण देते."

"साबणानं औषध जातं, बाय," आई म्हणाली.

"मग दुसऱ्या कुणाला पाठवायचं होतंस."

"पाय माझा, हात तिचा," तात्या भिंतीकडे बघत म्हणाले. "तू आत जा. चहा टाक."

रंभाबाई आत गेल्या. जाताना त्यांनी खाटेवरची चादर ओढून घेतली आणि जागी गोणपाट टाकला. आईने तो गोणपाट नीट सारखा केला, त्यावर पाय घेतला, आणि जुनी पट्टी सोडायला लागली. बांबूच्या कामट्या एकेक करून बाजूला ठेवल्या. नडगीवरून अंगठा फिरवताना ती डोळे मिटायची. त्या वेळी तिच्याशी कुणी बोलायचं नसे.

तात्यांचा मुलगा दिनानाथ तिथेच उभा होता. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत औषधांच्या कारखान्यात कामाला होता. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा. मला तो तुम्ही म्हणायचा, आईला तू.

"ठकी, ही साल कुठल्या झाडाची?"

"जे उभं हाय त्याची."

"नाव सांग की. लिहून ठेवतो. उद्या तुझ्यानंतर कुणाला कळायचं?"

आईने पट्टीची गाठ मारली. "माज्यानंतरचं मी बघते, दिनूभाऊ. तुमी तात्याला आठ दिस खाटेवरनं उतरू देऊ नका. परवा उतरला होता तो. हाड सांगतंय."

तात्या ओशाळून हसले.

चहा आला तो पडवीच्या कोनाड्यातल्या आमच्या कपांतून. माझ्या कपाचा कान तुटलेला होता. मी तो तसाच ठेवला. आई स्वतःचा चहा प्यायली, मग माझाही प्यायली, आणि तिने दोन्ही कप विहिरीवर धुऊन कोनाड्यात पालथे घातले.

त्यानंतरचे आठ दिवस भात कापण्यात गेले. कापलं, भारे बांधले, खळ्यावर आणून उडवी रचली. आई पहिले दोन दिवस आमच्याबरोबर वाकली. तिसऱ्या दिवशी बांधावर बसून पेंढ्यांना बंद वळून देऊ लागली. पाचव्या दिवशी घरातच राहिली. उसाचा रस, ताक, मी जे जे वाचलं होतं आणि ऐकलं होतं ते ते तिच्यापुढे नेऊन ठेवायची. ती दोन घोट घ्यायची. अंगाला खाज सुटली होती. मी कडुनिंबाच्या पाण्याने तिचं अंग पुसायची तेव्हा पाठीचे मणके माझ्या बोटांना मोजता यायचे. संध्याकाळी ती उजेडात हात धरून स्वतःची नखं बघायची. एकदा मी विचारलं, काय बघतेस. "मळ," म्हणाली.

तिने रोज एकदा तरी मला विचारलं, "आज वार कंचा?"

दुसरा सोमवार आला तेव्हा तिला उभं राहवत नव्हतं. झाडाला सांगायला तर जायला हवं होतं. ते झाड मला दिसू द्यायचं नव्हतं. शेवटी बाने कोयता आणि तो अडकवायची कमरेची आकडी सोडून ठेवली, खाली बसला आणि तिला पाठंगुळीला घेतलं. मी फाट्यावर थांबले. बराच वेळ गेला. परत आल्यावर बा सांगत होता, "झाडाशी नेली नि मी तोंड खाली दरीकडं करून हुबा राहिलो. ती मागं हात लांबवून तांदूळ ठेवत होती. मला काय बी दिसलं नाय." हे तो मला दोनदा म्हणाला. सकाळी पुन्हा तसाच गेला. चाळीस वर्षांत त्या माणसाने ते झाड पाहिलं नव्हतं आणि तिला पाठीवर घेऊनही पाहिलं नाही.

चौथ्या पट्टीला बाही बरोबर आला; रंभाबाई पडवीतच होत्या. आईला पाहून त्यांनी स्वतःच खुर्ची पुढे केली. आई खुर्चीवर बसली नाही. खाटेच्या कडेला टेकून तिने पट्टी सोडली. तिचे हात थरथरत होते. कामटी दोनदा सुटून फरशीवर पडली, ती मी उचलून दिली. अंगठा नडगीवर ठेवला तेव्हा मात्र थरथर थांबली. वरून खाली, खालून वर. मग तिने डोळे उघडले.

"बसलं," ती म्हणाली. "ही पट्टी आठ दिसांनी तुमीच सोडा. मग काठी घेऊन चालायचं. कामट्या फेकायच्या नाय, मला परत आणून द्यायच्या."

तात्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि दिनानाथला हाक मारली. "दिन्या, चिकूचा टेम्पो उद्या सकाळी आठला हिच्या पाड्याच्या रस्त्यावर न्यायचा. पालघरला दवाखान्यात सोडायचं हिला. बाजार राहू दे उद्याचा."

"हो," दिनानाथ म्हणाला.

त्याच टेम्पोने त्या दिवशी आम्हाला पाड्याच्या रस्त्यापर्यंत सोडलं. ऊन अजून टेकडीवर होतं. आई म्हणाली, "घरी नको. ओहळावर चल."

बाला तिने रस्त्यावरच थांबवलं. मी तिला कमरेला धरून ओहळाच्या काठाने वर नेलं. एका जागी तिने मला थांबवलं आणि पायाच्या अंगठ्याने दाखवलं. बोटाने दाखवत नाहीत. गुडघ्याएवढं झुडूप होतं. लहानपणापासून मी त्याच्या शेजारी बसून खेकडे धरले होते. पुढे पायवाटेवर तिने ते दुसरं झाड दाखवलं, सालीचं. दोन्हींची नावं ती माझ्या कानात एकेकदा बोलली. ती मी इथे लिहीत नाही. तेवढं मी तिचं पाळते.

खाली येऊन मी मुळीच्या झुडपाशी पाच दाणे तांदूळ ठेवले. "उद्या येते," म्हणाले. शाळेत फळ्यासमोर उभं राहून बोलायची सवय होती, तरी आवाज नीट निघाला नाही.

"आता ते तुझं," आई म्हणाली. मग माझा दंड धरून परत निघाली. वाटेत म्हणाली, "मला हलकं वाटतंय." चेहऱ्यावरून तसं वाटत नव्हतं.

सकाळी मी खैराच्या खुंटीने मुळी खणली. एका अंगाची घेतली, बाकीची मातीत ठेवून पुन्हा लोटली. घरी येऊन सहाणेवर ताकात उगाळली. दाट पिवळट लगदा झाला. जर्मनच्या वाटीत काढून आईसमोर धरला तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती. तिने वाटी दोन्ही हातांत घेतली, वास घेतला.

"चांगली उगाळलीस."

मी समोर उकिडवी बसले. तिने वाटी तोंडाशी नेली आणि थांबली.

"गाडी आली का बघ जा."

"बा गेलाय रस्त्यावर."

"तुझा बा त्यांच्याशी काय बोलणार? ते हॉर्न मारतील नि निघून जातील. तू जा. मी काय पळत नाय."

मी गेले. टेम्पो खरंच आला होता आणि ड्रायव्हर वळवायला जागा शोधत होता. त्याला थांबवून मी धावत परत आले तेव्हा आई पदराने तोंड पुसत होती.

"प्यालीस?"

"हं," ती म्हणाली. "कडू हाय."

दवाखान्यात तिला लगेच खाट मिळाली. डॉक्टर तरुण होते, त्यांनी मला व्हरांड्यात नेऊन सांगितलं की यकृत फार बिघडलंय, आधी आणायला हवं होतं. मी मान हलवली. तिथे आईने सगळं मुकाट्याने घेतलं. गोळ्या, सलाइन, पातळ औषध. नर्सबाई म्हणाल्या, अशी शहाणी पेशंट आम्हाला मिळत नाही. तिसऱ्या दिवशी तिने माझा उजवा हात मागितला. पालथा केला, उताणा केला, नखांतली माती पाहिली.

"चांगला हाय," ती म्हणाली.

चौथ्या दिवशी दुपारी, डब्यांची वेळ झाली होती तेव्हा, ती गेली. बा डबा उघडत होता. त्याने तो पुन्हा लावला आणि झाकणाची कडी घट्ट बसली का ते दोनदा पाहिलं.

तिला पाड्यावर आणलं. दिवस केले. दहाव्या दिवशी तात्या आले. रस्त्यावरून पाड्यापर्यंतची चढण काठी टेकत चालत आले, मागे दिनानाथ नारळ आणि कोंबडी घेऊन. अंगणात उभे राहून तात्यांनी कामट्यांची जुडी माझ्यापुढे धरली. मी घेतली. त्यांना बसायला घोंगडी घातली. ते बसले, पाणी मागितलं, आणि आमच्या तांब्यातून प्यायले. जाताना दिनानाथने आई बसायची त्या जागेकडे वळून हात जोडले.

माझा पहिला माणूस गेला होता. हात रिकामा झाला होता. मी पुस्तकं वाचणारी बाई. यकृत म्हणजे काय, अकरा दिवसांत त्याचं काय होतं, हे डॉक्टरांनी सांगण्याआधी मला कळत होतं. तरीही सुटी संपून शाळेत गेल्यावर फळा पुसताना मी उजव्या हाताकडे बघायची. पाड्यावरही सगळ्यांनी ते धरून घेतलं. कुणी बोललं नाही. पण पौषात मी एका रविवारी घरी असताना शेजारच्या बायडीच्या सासऱ्याचं मनगट मुरगळलं तेव्हा तिने मला विचारलं नाही, त्याला घेऊन परस्पर बोईसरला गेली.

भात झोडून, उफणून घरात घ्यायचं राहिलं होतं. संक्रांतीच्या सुमाराला मी दोन दिवस आले. जिवल्यामामाही मदतीला आला होता. कणगा रिकामा करून, सारवून, नवीन भात भरायचं होतं. बाने आणि मामाने कणगा भिंतीपासून ओढला. मागच्या सांदीत एक वाटी होती. वर सागाचं पान, पानावर चपटा दगड.

बाने दगड काढला. पान वाळून कडक झालं होतं. खाली वाटीत मुळीचा लगदा वाळून भेगाळला होता. काठोकाठ. एक घोटही कमी नव्हता.

मला पहिल्यांदा एवढंच वाटलं, की तिने माझ्या हातचं घेतलं नाही. मी तिथेच खाली बसले. बा वाटीकडे बघत होता.

मामाने वाटी हातात घेतली. दारातल्या उजेडात नेली. बोट लावलं नाही, नुसता वास घेतला. तो एवढा वेळ तसाच पाठमोरा उभा राहिला की बाने त्याला हाक मारली, "जिवल्या."

"नखं बघितली असतील तिनं आपली," मामा म्हणाला. "ती जाणार हे तिला कळलं होतं. तुझा पयला व्हायचं नव्हतं तिला, तानी."

बाहेर कोंबड्या खळ्यावर दाणे टिपत होत्या. मामाने वाटी माझ्या हातात दिली आणि खाकी सदऱ्याच्या बाहीने नाक पुसलं.

"माझ्या येळेला अशी वाटी कुणी लपवली नाय," तो म्हणाला, आणि भाताचं पोतं उचलायला गेला.

पुढच्या वर्षी भाद्रपदात, मी गणपतीच्या सुटीत घरी असताना, वरच्या पाड्यावरची ठमी तिच्या नवऱ्याला घेऊन आली. देवू त्याचं नाव, बोईसरला कामाला जायचा. डोळे पिवळे होते. वाटीची गोष्ट तोवर सगळ्या पाड्यांवर गेली होती. मामाने ती नेली होती, एकेका घरी.

"डॉक्टरला दाखवलं?" मी विचारलं.

"दाखवलं. ह्या गोळ्या. हा कागद."

मी कागद वाचला. गोळ्या बंद करायच्या नाहीत, आठवड्याने परत दाखवायचं, असं त्याला बजावलं. मग त्याला दारातल्या उजेडात उभं केलं. नखं पाहिली. पोट दाबून पाहिलं. भूक लागते का विचारलं.

"लागते. ही देत नाय, तेल बंद केलंय," देवू म्हणाला.

"तेल देऊ नको म्हणून सांगितलंय त्यांनी," ठमी त्याच्यावर खेकसली. "ह्याला काविळीतबी वडा पायजे."

भांडायला त्याच्यात बळ होतं. मी पुन्हा एकदा त्याची नखं पाहिली. गुलाबी होती.

"उद्या सकाळी या," मी म्हणाले.

संध्याकाळी ओहळावर गेले. पाऊस नुकता उघडला होता, पाणी दगडांवरून वाजत होतं. पाच दाणे ठेवले. या वेळी आवाज नीट निघाला.

सकाळी मुळी उगाळली, त्याच वाटीत काढली, देवूच्या हातात दिली आणि त्याच्यासमोर उकिडवी बसले. त्याने एक घोट घेतला आणि तोंड फिरवलं. रस्त्यावर कुठल्याशा गाडीचा हॉर्न वाजला. ठमी उठून बघायला गेली.

"पी रं," मी म्हणाले. "मी काय पळत नाय."

त्याने डोळे मिटून उरलेलं घेतलं. मी वाटी त्याच्या हातातून घेतली, दाराच्या उजेडात तिरपी धरून तळ पाहिला, आणि मग उठले.